बाघचा दगड : ब्रायोझोआच्या जीवाश्म वसाहतींची ओळख

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने भूगोल मंडळाने खडक व खनिजे यांचे एक छोटेसे प्रदर्शन भरविले होते. त्यात मी एक दगड मांडला होता. आकाराने मुठीएवढा, रंगाने पिवळसर तांबूस, आणि अंगभर वाळक्या काटक्यांच्या तुकड्यांसारखे उंचवटे. त्याच्यापुढे मी मोठ्या झोकात चिठ्ठी लावली होती : ‘प्रवाळ (पोवळे). बाघ, जिल्हा धार, मध्य प्रदेश.’ दुसऱ्या दिवशी आमच्याच आवारातील भूशास्त्राचे एक सर प्रदर्शन पाहावयास आले. त्यांनी खिशातून भिंग काढले, दगड खिडकीपाशी उजेडात नेला, त्यावर पाण्याचे बोट फिरविले आणि बराच वेळ पाहून ते म्हणाले, “चिठ्ठीतला पत्ता बरोबर आहे. नाव तेवढे चुकले आहे.”

चारचौघांत झालेली ही चूक मनाला लागली, हे कबूल केले पाहिजे. पण ती दुरुस्त करण्याच्या खटपटीत मला जे पाहावयास व शिकावयास मिळाले, ते आपल्या कला शाखेच्या वाचकांसही आवडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

दगड कोठून आला?

माझी मावशी लग्न होऊन धारला गेली. धार ही पूर्वीच्या पवारांच्या संस्थानाची राजधानी. तेथे मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, शाळेत शिक्षक होते. मुलांची सहल एकदा बाघची लेणी पाहावयास गेली असता वाटेत त्यांना हा दगड मिळाला. पुढे जवळजवळ तीस वर्षे तो त्यांच्या टेबलावर होता. इतिहास-भूगोलाच्या तासाला तो वर्गात नेऊन ते मुलांना सांगत, “हे पोवळे आहे. म्हणजे येथे एकेकाळी समुद्र होता.” काका गेल्यावर मावशीने तो मला दिला. माझ्या चिठ्ठीवरील ‘प्रवाळ’ हा शब्द तसा काकांचाच होता.

आमच्या सांगली-मिरजेकडच्या माणसाला अशा दगडाची सवय नसते. विश्रामबागेत विहीर खणा, नाहीतर मिरजेपलीकडे दंडोबाच्या डोंगरावर जा, हाती लागतो तो काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारस वारंवार बाहेर पडला, पसरला आणि थिजला. त्याचे थरांवर थर साचून दख्खनचे पठार झाले. तापलेल्या लाव्हारसात समुद्रातले प्राणी कोठून सापडणार? पण हा पाषाण म्हणजे काही जमिनीचा तळ नव्हे. नर्मदेच्या खोऱ्यात नदीनाल्यांनी हे आवरण कापून काढले आहे, आणि त्याच्या खालून त्याहून जुने थर डोकावतात. बाघचे थर ते हेच. पश्चिमेकडून समुद्राची एक चिंचोळी शाखा आजच्या नर्मदेच्या खोऱ्यात शिरली होती, तिच्या तळाशी ते साचले. सर्वांत खाली निमाड वालुकाश्म, त्यावर गाठाळ चुनखडक, मग देवला व चिराखान या गावांच्या नावाने ओळखली जाणारी चुनखडीयुक्त माती, आणि सर्वांत वर ‘कोरॅलाइन लाइमस्टोन’, म्हणजे प्रवाळी चुनखडक. या सर्वांत वरच्या थराचे वय अदमासे ९ कोटी वर्षे धरतात. दख्खनचा लाव्हा त्यानंतर दोन कोटी वर्षांहून अधिक काळाने आला.

भूशास्त्र सर्वेक्षण खात्याचे प्रमथनाथ बोस यांनी १८८४ साली या थरांची जी विभागणी मांडली, तीत ‘कोरॅलाइन’ हे नाव येते. गंमत अशी की, या प्रवाळी चुनखडकात ठासून भरलेले तुकडे प्रवाळाचे नाहीतच. ते ब्रायोझोआ नावाच्या प्राण्यांच्या वसाहतींचे आहेत. ‘कोरॅलाइन’ हा शब्द जुन्या काळी फार सैलपणे वापरीत. जॉन एलिस या इंग्रज अभ्यासकाने १७५५ साली कोरॅलाइनांवर ग्रंथ लिहिला, त्यात हे प्राणीही येतात. दगडाच्या अंगावर फांद्या दिसल्या की ते पोवळे, अशी ती समजूत. म्हणजे काकांची व माझी चूक निदान घरंदाज तरी होती!

एक खोली

ब्रायोझोआ हा शब्द ग्रीक आहे : ‘ब्रायॉन’ म्हणजे शेवाळ आणि ‘झोऑन’ म्हणजे प्राणी. शेवाळासारखे दिसणारे प्राणी, असा अर्थ. जर्मन शास्त्रज्ञ एरेनबर्ग याने १८३१ साली हे नाव दिले. त्याच्या आदल्याच वर्षी आयर्लंडमधील जॉन व्हॉन टॉम्पसन या लष्करी डॉक्टराने याच प्राण्यांना ‘पॉलिझोआ’ म्हटले होते. आजही समुद्रात यांच्या हजारो जाती राहतात. शिंपल्यावर, खडकावर, बोटीच्या तळाला पांढऱ्या जाळीसारखे जे कवच कधी कधी चिकटलेले दिसते, ते पुष्कळदा यांचे असते.

यांतला एकेक प्राणी, ज्याला ‘जीवक’ म्हणतात, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. त्याची रचना समजण्यासाठी मला एक घरगुती दाखला सापडला. आपल्या हरिपूरला हळद साठविण्याची पेवे आहेत. जमिनीत खोल खणलेली, आत ऐसपैस, पण वर तोंड लहान. माणूस त्या तोंडातून आत उतरतो आणि काम झाले की वर झाकण बसते. २००५ सालच्या कृष्णेच्या महापुरात त्यांतली पुष्कळ पेवे बाद झाली. तरी ज्याने एक पाहिले आहे त्याला जीवकाचे घर चटकन समजेल. बाजूच्या भिंती चुनखडीच्या, आत मऊ प्राणी, वर एक तोंड. हा प्राणी तोंडातून पातळ संस्पर्शकांचा झेला बाहेर काढतो. संस्पर्शकांवर सूक्ष्म केस असतात. ते हलले की पाण्याचा झोत आत खेचला जातो आणि त्याबरोबर आलेले बारीक अन्नकण मुखात जातात. जरा धोका वाटला की सगळा झेला क्षणात घरात!

येथे प्रवाळाशी असलेला मुख्य फरक ध्यानात घेतला पाहिजे. प्रवाळाच्या प्राण्याला आतबाहेर जाण्यास एकच वाट असते. ज्या तोंडाने खाल्ले त्याच तोंडाने उरलेले बाहेर टाकावयाचे. ब्रायोझोआच्या अंगात मात्र पूर्ण अन्ननलिका असते. ती इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वळते : मुख संस्पर्शकांच्या वर्तुळाच्या आत आणि गुदद्वार त्या वर्तुळाच्या बाहेर. दिसावयास दोघांची घरे सारखी, पण राहणारा एक अगदी साधा, तर दुसरा शरीररचनेत बराच पुढे गेलेला.

आता कोणी विचारील की मऊ प्राणी तर कुजून गेला, मग नऊ कोटी वर्षांनंतर हा फरक ओळखावयाचा कसा? घरावरून! प्रवाळाच्या घरात मध्याकडे येणारे उभे पडदे असतात. आडवे कापले तर ते चाकाच्या आऱ्यांसारखे दिसतात. ब्रायोझोआच्या खोलीत असे आरे नसतात. शिवाय खोल्यांचा आकार पुष्कळ लहान. सरांनी भिंगातून नेमके हेच पाहिले होते.

वाडा

एकटा जीवक हा अभ्यासाचा फार लहान भाग झाला. खरी मौज आहे ती वसाहतीत. समुद्रात पोहणारी एक अळी कोठेतरी घट्ट जागा पाहून बसते, तिचे रूप पालटते आणि पहिली खोली तयार होते. या पहिल्या जीवकाला ‘आद्यजीवक’ म्हणू. त्याला कोंब फुटून दुसरा, त्यापासून तिसरा, असे करीत हजारो खोल्यांची वसाहत उभी राहते. ही काही कुठून कुठून येऊन राहिलेल्या भाडेकरूंची चाळ नव्हे. एका मूळपुरुषापासून वाढलेला हा वाडा आहे. खोल्यांच्या भिंतींत सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांतून शेजाऱ्याशेजाऱ्यांचा संबंध राहतो.

वाड्यात सगळेच एक काम करीत नाहीत, तसेच येथेही. बहुतेक जीवक अन्न मिळवितात. काही जीवक खातच नाहीत; त्यांच्या खोल्या केवळ आधारासाठी. काहींची झाकणे बदलून पक्ष्याच्या चोचीसारखी झालेली असतात. ती उघडझाप करून अंगावर चढणाऱ्या किड्यांना पकडतात. या चोचींनी डार्विनचेही लक्ष वेधले होते आणि ‘बीगल’ जहाजावरील प्रवासवर्णनात त्याने त्यांची दखल घेतली आहे. काही कोटरे केवळ पिल्ले वाढविण्यासाठी. जीवाश्मात चोच वा पिल्लू राहत नाही. राहतात ती त्यांच्या खोल्यांची मापे व आकार. अभ्यासक त्यावरूनच कामाची वाटणी ताडतात. एखादा पडका वाडा पाहताना धुराने काळी झालेली भिंत दिसली की येथे स्वयंपाकघर असावे असे आपण म्हणतो, तसेच हे.

आणखी एक नवल सांगावयाचे राहिले. खोलीतला प्राणी मधूनमधून विरघळून जातो, त्याचा एक तपकिरी गोळा होतो आणि त्याच खोलीत नवा प्राणी तयार होतो. घर तेच, रहिवासी नवा. काही अतिप्राचीन जीवाश्मांत खोलीच्या आत अशा तपकिरी गोळ्यांच्या खुणाही दिसल्या आहेत.

या प्राण्यांचे जे गट समुद्रात कठीण घरे बांधतात, त्यांत आपल्या विषयापुरते दोन महत्त्वाचे. पहिला सायक्लोस्टोम, म्हणजे ‘गोल मुखाचे’. यांची घरे लांब नळ्यांसारखी, तोंड साधे व वर्तुळाकार. दुसरा चायलोस्टोम, म्हणजे ‘ओठमुखी’. यांची घरे बहुधा आखूड पेटीसारखी आणि तोंडावर उघडझाप करणारे झाकण. पहिला गट फार जुना. दुसरा जुरासिक कालखंडाच्या उत्तरार्धात प्रथम आढळतो आणि क्रिटेशस कालखंडाच्या उत्तरार्धात, म्हणजे बाघचा समुद्र होता त्या सुमारास, झपाट्याने वाढू लागतो. गोड्या पाण्यातही ब्रायोझोआ आहेत. मुंबईत लष्करी डॉक्टर असलेल्या एच. जे. कार्टर यांनी गेल्या शतकाच्याही मागच्या शतकात त्यांचा अभ्यास केला आणि त्यांतील एक जात आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. पण त्या गटाचे प्राणी चुनखडीची घरे बांधीत नाहीत.

कापावयाचा की नाही?

सरांनी मला एवढे सांगून पुढे म्हटले, “बाहेरून पाहून गट सांगता येतो, जात सांगता येत नाही. त्यासाठी दगड कापावा लागेल.”

येथे मी अडलो. दगड माझ्याकडे असला तरी तो काकांचा होता. वाटले, नावाशिवाय राहिला म्हणून काय बिघडले? आठ दिवस मी विषय टाळला. शेवटी रात्री मावशीला फोन केला आणि सगळे सांगितले. ती आधी काहीच बोलली नाही. मग तिने विचारले, “म्हणजे यांनी इतकी वर्षं मुलांना चुकीचं शिकवलं का रे?”

मला उत्तर सुचेना. मी म्हणालो, “तसं नाही गं मावशी. समुद्र होता हे बरोबरच आहे. नाव तेवढं...” तिने मला पुढे बोलू दिले नाही. “काप,” ती म्हणाली. “पण अर्धा मला परत आणून दे. आणि काय निघालं ते नीट समजावून सांग. यांच्या ऐवजी मी ऐकेन.”

चकतीत काय दिसले

दगड कापण्याचे काम हिऱ्याची कड असलेल्या चाकावर, पाण्याची धार सोडून करतात. निघालेली चकती काचेवर चिकटवावयाची आणि कार्बोरंडमच्या पुडीवर घासत राहावयाचे. आधी जाड पूड, मग बारीक. शेवटी जाडी ०.०३ मिलिमीटरवर आली पाहिजे. इतक्या पातळ चकतीतून प्रकाश आरपार जातो. माझ्या पहिल्या दोन चकत्या घासता घासता नाहीशाच झाल्या! तिसरी साधली.

ब्रायोझोआच्या फांदीला एक काप पुरत नाही, तीन लागतात : फांदीला आडवा, फांदीच्या लांबीतून उभा आणि फांदीच्या कातडीला समांतर असा वरवरचा. एखाद्या इमारतीचे जसे तळघरापासूनचे छेदचित्र, मजल्याचा नकाशा आणि दर्शनी चित्र अशी तिन्ही पाहिल्याशिवाय कल्पना येत नाही, तसेच हे आहे.

आडव्या कापात मधोमध पातळ भिंतींच्या बहुकोनी खोल्यांची गर्दी दिसली, मधाच्या पोळ्यासारखी. आरे कोठेच नाहीत. तेव्हाच प्रवाळाचा निकाल लागला. उभ्या कापात याच खोल्या लांब नळ्या होऊन फांदीच्या मध्यातून वर जाताना दिसल्या. वर जाता जाता त्या कारंज्याच्या धारांसारख्या बाहेरच्या अंगाला वळत होत्या. मध्यभागी भिंती पातळ, कडेला त्याच भिंती जाड. याचे कारण सोपे आहे. फांदीचे टोक भराभर वाढते, तेथे भिंत जाड करावयास सवड नसते. कडेला वाढ मंदावते, तेथे भिंत जाड होत जाऊन फांदीला बळकटी येते. काही नळ्यांना मधेच आडवे पडदे घातलेले दिसले. नळी लांबत गेली की प्राणी वर सरकतो आणि आपल्या मागची रिकामी जागा पडदा घालून बंद करतो. वरवरच्या कापात फांदीच्या पृष्ठभागावर उघडणारी तोंडे दिसली, काही मोठी, काही लहान.

सूक्ष्मदर्शकातून डोळा काढवेना. काकांच्या टेबलावर तीस वर्षे पडून राहिलेल्या दगडात इतकी शिस्त भरलेली होती आणि आम्हां कोणाला तिचा पत्ता नव्हता.

चिपळूणकरांचे उदाहरण

लांब नळ्या पाहून मी लगेच निकाल दिला : “सायक्लोस्टोम!” सर हसले आणि त्यांनी मला एक हकीकत सांगितली. या लेखातला सर्वांत मोलाचा भाग मला तोच वाटतो.

प्रा. जी. डब्ल्यू. चिपळूणकर यांनी बाघच्या थरांतील जीवाश्मांचा दीर्घकाळ अभ्यास केला. तेथील ब्रायोझोआंवरील त्यांचा निबंध १९३९ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी एका नव्या जातीचे वर्णन केले आणि तिला ‘सेरिओपोरा डायमॉर्फोपोरा’ असे नाव दिले. ‘डायमॉर्फोपोरा’ म्हणजे दोन प्रकारची छिद्रे असलेली. सेरिओपोरा ही प्रजाती सायक्लोस्टोमांतली. फांद्यांची वसाहत, लांब नळ्यांची घरे. हे सगळे पाहता ती जात तेथे बसविणे अगदी स्वाभाविक होते. पुढे चिपळूणकर पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत आले. प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ साली स्थापन झालेली ही संस्था १९९२ पासून आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तेथे चिपळूणकरांच्या हाताखाली बाघच्या जीवाश्मांचे काम करणारी एक पिढी तयार झाली. डॉ. आर. एम. बडवे हे त्यांतले.

१९९५ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधील पॉल टेलर आणि पुण्याचे बडवे यांनी मिळून या जातीचा नव्याने अभ्यास प्रसिद्ध केला. निष्कर्ष चकित करणारा होता. ही जात सायक्लोस्टोम नव्हेच. ती चायलोस्टोम आहे. पेटीसारखी घरे बांधणाऱ्या कुळातल्या या प्राण्याने नळ्यांची घरे बांधली आणि दुसऱ्या कुळाचे रूप हुबेहूब घेतले. देवमासा माशासारखा दिसतो पण मासा नसतो, तशातलाच हा प्रकार. राहणी सारखी झाली की रूपही सारखे होते; कूळ मात्र बारीकसारीक रचनेतून उघडे पडते.

मग जातीचे नाव काय ठेवले? सेरिओपोरा तर म्हणता येईना. तिच्यासाठी नवी प्रजाती करावी लागली, आणि टेलर व बडवे यांनी तिला नाव दिले ‘चिपळूणकरीना’. आज ती ‘चिपळूणकरीना डायमॉर्फोपोरा’ या नावाने ओळखली जाते. नावाचा दुसरा शब्द चिपळूणकरांनी १९३९ साली दिलेला, तो तसाच राहिला. कारण छिद्रे दोन प्रकारची आहेत हे त्यांचे निरीक्षण होते. गटाचे अनुमान बदलले, आणि ज्या ठिकाणी ते बदलले त्याच ठिकाणी त्यांचे नाव कोरले गेले.

माझा दगड नेमका याच जातीचा आहे असे माझे म्हणणे नाही. ते ठरविण्यास माझ्या एका बऱ्या चकतीपेक्षा पुष्कळ अधिक साधने व अधिक सराव हवा. सरांनी मला एवढेच बजावले की, जे दिसले ते लिही. जे वाटते ते वेगळे लिही.

समारोप

दिवाळीच्या सुटीत मी धारला गेलो. अर्धा दगड, कापलेली बाजू गुळगुळीत केलेला, बरोबर नेला होता. मावशीने तो खिडकीत धरला. मी कापलेल्या बाजूवर पाण्याचे बोट फिरविले आणि भिंग तिच्या हाती दिले. नळ्या कशा वळतात, भिंती कोठे जाड होतात, सारे दाखविले. मग तिच्या त्या रात्रीच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून चिपळूणकरांची हकीकत सांगितली. तिने ती अगदी लक्ष देऊन ऐकली. शेवटी म्हणाली, “यांना आवडलं असतं हे. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन सांगितलं असतं, कालचं खोडा म्हणून.” दगड तिने पुसून काकांच्या टेबलावर पूर्वीच्याच जागी ठेवला, कापलेली बाजू वर करून.

उरलेला अर्धा आपल्या भूगोल विभागाच्या कपाटात आहे. यंदाच्या प्रदर्शनासाठी त्याची चिठ्ठी मी नव्याने लिहिली आहे : ‘ब्रायोझोआची वसाहत, जीवाश्म. गट अनिश्चित. प्रवाळी चुनखडक, बाघ, जिल्हा धार, मध्य प्रदेश. वय सुमारे ९ कोटी वर्षे.’ जुनी चिठ्ठीही मी फाडलेली नाही. ती दगडाखालीच घडी करून ठेवली आहे. शेजारी भिंग ठेवले आहे. वाचकांनी जरूर यावे, दगडावर पाण्याचे बोट फिरवावे आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.